शनिवारची लिव्हरपूल सहल: पाऊस आहे, जायचं की नाही?

मंडळी, नमस्कार.

या शनिवार-रविवारी लिव्हरपूलचा बेत आहे. आई-बाबा यवतमाळहून आलेत, सोबत आमची पोरं. पण दोन्ही दिवस पावसाचा अंदाज आहे. आईचे गुडघे दुखतात आणि बाबांना बीटल्समध्ये काडीचा रस नाही (जन्म कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये गेला त्यांचा). बेत रद्द करावा का? ट्रेन बरी की गाडी?

– वॉरिंग्टनहून, नवीन सभासद

---

अहो, रद्द कशाला? लिव्हरपूलला वर्षभरात जेवढा पाऊस पडतो तेवढा सांताक्रूझला एकट्या जुलैत पडतो. तिथे खरा त्रास वाऱ्याचा. पिअर हेडला, म्हणजे नदीकाठच्या धक्क्यावर, छत्री उघडलीत की उलटी झालीच म्हणून समजा. टोपीवाली जाकिटं घ्या.

आणि जिनिंगमधला माणूस घेऊन लिव्हरपूलला न जाणं म्हणजे हद्दच झाली! अमेरिकेत 1861 ला यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लिव्हरपूलजवळच्या लँकेशरच्या कापडगिरण्या बंद पडायला लागल्या. मग लिव्हरपूलच्या दलालांना मुंबईची आठवण झाली. आपल्याकडची रुई अख्ख्या केप ऑफ गुड होपला वळसा घालून लिव्हरपूलच्या मर्सी नदीत यायची, कारण सुएझ कालवा 1869 चा. मुंबईत इतका पैसा आला की लोक बॅक बेतला समुद्र बुजवायच्या कंपनीचे शेअर वाट्टेल त्या भावाने घेत सुटले. 1865 मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि निम्मी मुंबई दिवाळ्यात गेली.

तेव्हा बाबांना आधी एक्स्चेंज फ्लॅग्जला न्या. टाउन हॉलच्या मागचा हा फरसबंद चौक. कापसाचे सौदे कितीतरी वर्षं इथेच, उघड्यावर उभं राहून व्हायचे. तिथून पुढे वॉटर स्ट्रीटवर ओरिएल चेंबर्स बघा. 1864 ची इमारत, म्हणजे ऐन तेजीतली. लोखंडी सांगाडा आणि दर्शनी भागात नुसत्या काचेच्या खिडक्या. त्या काळी लोकांनी तिला नावं ठेवली होती, आज स्थापत्याचे विद्यार्थी मुद्दाम बघायला येतात.

दुसऱ्या दिवशी अँग्लिकन कॅथेड्रल, म्हणजे इंग्लंडच्या प्रोटेस्टंट पंथाचं मोठं चर्च. आकाराने ब्रिटनमधलं सगळ्यात मोठं, बाहेर कितीही पाऊस पडो, आत पत्ता लागत नाही. 1904 ला पाया घातला, पुरं व्हायला 1978 उजाडलं. स्थपती गाइल्स गिल्बर्ट स्कॉट. स्पर्धा जिंकली तेव्हा पोरगा 22 वर्षांचा आणि वर कॅथलिक! लाल टेलिफोन बूथही त्याचाच. पण आपल्यासाठी गंमत वेगळीच: मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर याच्या आजोबांनी आखला. त्याला पैसे दिले प्रेमचंद रायचंदांनी, म्हणजे कापसाच्या तेजीत वर गेलेल्या आणि 1865 ला आपटलेल्या शेठजींनी. आजोबा-नातवाची ही दोन टोकं बघितल्याशिवाय परत येऊ नका.

– स्टॉकपोर्टवाले काका

---

काका, तुम्ही कापसात रमलात आणि आईंचे गुडघे विसरलात!

गाडी नका नेऊ. लाइम स्ट्रीटला उतरलात की भिजायची गरज नाही, तिथूनच भुयारी मर्सीरेल घेऊन जेम्स स्ट्रीटला या. समोरच नदी. फेरीबोटीचा मोह आवरा किंवा आधी भरतीची वेळ बघा. मर्सीत भरती-ओहोटीचा फरक दहा मीटरपर्यंत जातो, धक्का तरंगता आहे, त्यामुळे ओहोटीला उताराचा पूल असा काही तिरका होतो की माझ्या सासूबाई कठडा धरून अर्ध्यावरच थांबल्या होत्या. एवढ्या फरकामुळेच तर इथे दारं लावून पाणी आत कोंडणाऱ्या गोद्या बांधाव्या लागल्या. पहिली 1715 ची, ती आता लिव्हरपूल वन या बाजाराच्या पोटात आहे.

ॲल्बर्ट डॉक मात्र पावसासाठीच बांधलंय असं वाटतं. 1846 चं. लाकूड टाळून लोखंड, वीट आणि दगडात केलेली गोदामं, आगीच्या भीतीने. खाली लाल रंगाचे जाडजूड लोखंडी खांब, त्यांच्या आडोशाने पाण्याला फेरी मारता येते. म्युझियम ऑफ लिव्हरपूल शेजारीच आहे, फुकट आहे, लिफ्ट आहे.

आणि काका, कापसाचं सांगताय तर पुरतं सांगा. युद्धाआधीचा तो अमेरिकन कापूस गुलामांनी वेचलेला होता, आणि त्याच्याही आधी अठराव्या शतकात याच बंदरातली जहाजं आफ्रिकेतून माणसं भरून नेत होती. ॲल्बर्ट डॉकमधलं गुलामगिरीचं संग्रहालय 2025 च्या सुरुवातीला नूतनीकरणासाठी बंद झालंय, त्यामुळे पोरांना हे तुम्हालाच सांगावं लागेल.

तिखट-मिठाच्या पुऱ्या न्या. बाकी बोल्ड स्ट्रीटला हवं ते मिळतं.

– चेस्टरची ताई

---

जाऊन आलो! दोन्ही दिवस झोडपलं, पण मजा आली. आई ॲल्बर्ट डॉकला खांबांच्या आडोशाने आरामात फिरली. पोरांना वेस्टर्न ॲप्रोचेसचं भुयार सगळ्यात आवडलं. दुसऱ्या महायुद्धातली अटलांटिकची लढाई जिथून चालवली ती नकाशाची खोली तशीच ठेवली आहे. फेरीबोट वाऱ्यामुळे रद्द, त्यामुळे ताईंचा उतार बघायचा राहिला.

बाबा ओरिएल चेंबर्ससमोर भर पावसात उभे. "एवढ्या काचा उगाच नाही लावल्या," म्हणाले, "रुईचा रंग बघायला असाच उजेड लागतो. बल्बखाली ग्रेड चुकते." मी त्यांना कुठेतरी वाचलेलं सांगितलं की, आपल्या कापसाला इथे सरसकट 'सुरती' म्हणायचे आणि विणकर देवाकडे 'कापूस दे, पण सुरती नको' असं मागायचे म्हणे. झालं! हॉटेलवर पोहोचेपर्यंत वाद. धागा आखूड हे त्यांना मान्य आहे. पण घाण माल वऱ्हाडातल्या शेतकऱ्याचा नव्हता, मधल्यांनी सरकी आणि माती मिसळली, असं त्यांचं ठाम म्हणणं आहे. काका, तुमच्याकडे काही पुरावा आहे का? घरात शांतता हवी आहे.

– वॉरिंग्टनहून

---

बाबांचं बरंचसं खरं आहे. कापसातल्या भेसळीला आळा घालायला 1863 मध्ये मुंबई सरकारला खास कायदा करावा लागला. आणि हिंगणघाटचा माल लिव्हरपुलात नावाजलेला होता. रविवारी त्यांना माझ्याकडे आणा, पण संध्याकाळी चारनंतर. त्याआधी आमची वामकुक्षी असते.

– स्टॉकपोर्टवाले काका