पावडर बदलून काही होणार नाही

ताई, पंधरा दिवस क्रीम लावूनही बाळाची डायपरची रॅश हटत नाही, आता पावडर बदलू का, असं तुम्ही विचारलंय. पावडर बंदच करा. घामात तिच्या गुठळ्या होऊन जांघेत बसतात, शिवाय उडून बाळाच्या श्वासात जाते. बोरिक पावडर तर घरातल्या कोणी कितीही आग्रह केला तरी नको, कातडी सोललेली असताना ती अंगात भिनते.

आधी उजेडात नीट बघा. लाली फक्त ढुंगणाच्या, मांड्यांच्या फुगीर भागावर असेल तर ती ओलीची. पण जांघेच्या घडीत गडद लाल आणि कडेला सुटे बारीक ठिपके असतील तर बहुधा बुरशी. तिथे नुसतं झिंक ऑक्साईड, म्हणजे रॅशचं पांढरं क्रीम, पुरत नाही, क्लोट्रिमॅझोल हे बुरशीचं औषध लागतं. ते डॉक्टरांना दाखवूनच. दुकानदार देतो ती 'सगळ्यावर चालणारी' ट्यूब घेऊ नका, त्यात बऱ्याचदा स्टेरॉईड असतं.

सोलापूरच्या उन्हाळ्यात, पारा ४० च्या वर असताना, दिवसभर डायपर म्हणजे शिक्षाच. दुपारी जुन्या मऊ धोतराच्या घडीवर उघडंच लोळू द्या. शी झाली की वाइप्स नको, कोमट पाणी आणि कापूस. मग टिपायचं. आपले टेरी टॉवेल कितीही नावाजलेले असले तरी तिथे घासायचे नाहीत. कोरडं झाल्यावर झिंकचा जाड थर द्या, कातडी दिसता कामा नये. पुढच्या वेळी तो खरवडू नका, मळलेला तेवढाच पुसा. लंगोट साबण निघेपर्यंत खळबळून उन्हात वाळवा.

ताप, पू किंवा फोड दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.