किशोरवयीन मुलांचे गप्पांचे गट चालवायला मोठ्यांना तयार कसं करायचं? (सोलापूर, पूर्व भाग)

अभ्यासिका_पूर्वभाग:
नमस्कार मंडळी. आमच्या अभ्यासिकेत येणाऱ्या १३ ते १७ वयाच्या मुलामुलींसाठी आठवड्यातून एकदा गोल करून बसायचं, मनातलं बोलायचं, असा गट जूनपासून सुरू करायचाय. चालवायला १४ जण तयार आहेत : चार शिक्षक, दोन आशाताई, एक निवृत्त बँकवाले, बाकी पालक. समुपदेशक कोणीच नाही. एका ठिकाणाहून दिवसभराच्या व्याख्यानांचा आराखडा आलाय. त्यात वयात येतानाचे बदल, हार्मोन्स, मोबाईलचे दुष्परिणाम, ताणतणाव असे विषय आहेत. एवढ्यावर गट चालेल का? किती तास लागतात, नेमकं काय शिकवायचं आणि कुठे फिस्कटतं?

सतरंजी_आणि_गोल:
व्याख्यानांवर नाही चालणार. हार्मोन्स समजले म्हणून कोणी ऐकायला शिकत नाही. पोराने अडचण सांगितली की मोठ्या माणसाच्या तोंडून पाच सेकंदांत सल्ला निघतो. प्रशिक्षण म्हणजे ही खोड मोडणं, आणि ती सरावानेच मोडते. २० तास धरा. ५ माहितीचे, १५ सरावाचे. दोन रविवार सहा-सहा तास आणि चार संध्याकाळी दोन-दोन तास. दोन रविवारांच्या मध्ये एक रविवार मोकळा सोडा. त्या काळात गृहपाठ एकच : घरातल्या कोणाचं तरी रोज दहा मिनिटं ऐकायचं, सल्ला न देता.

सराव असा घ्या. आतल्या गोलात सहा जण : एक गट चालवणारा, एक त्याचा जोडीदार, चौघे 'मुलं'. चौघांच्या हातात एकेक चिठ्ठी, एका ओळीची. "गणित राहिलंय, घरी सांगितलेलं नाही." "बाबा म्हणतात शाळा बास, कारखान्यात चल." "मैत्रीण अचानक बोलेनाशी झालीय." बाहेरचे आठ जण नुसते बघे नकोत, प्रत्येकाला काम द्या. एकाने सल्ले मोजायचे, एकाने शांततेचे सेकंद, एकाने कोण किती वेळा बोललं ते, एकाने फक्त चालवणाऱ्याचे हात आणि चेहरा बघायचा. उरलेल्या चौघांनी एकेका 'मुला'वर नजर ठेवायची. १२ मिनिटं गोल, ८ मिनिटं त्यावर बोलणं. १४ जणांची पाळी पाच तासांच्या आत होते. एक फेरी पुरत नाही, प्रत्येकाच्या निदान दोन व्हायला हव्यात, आणि दुसऱ्या फेरीच्या चिठ्ठ्या जड ठेवा.

मोजणाऱ्याचा कागद वाचून दाखवला की खोलीत हशा पिकतो, कारण "मी कुठे सल्ला दिला?" म्हणणाऱ्याच्या नावापुढेच सहा रेघा असतात. सल्ला फक्त "असं कर" या रूपात येत नाही. "एवढंच ना?", "आमच्या वेळी तर...", "आईबाप वाईट चिंतत नसतात", "होईल सगळं नीट" या सगळ्यांची रेघ मारायची. "का" ने सुरू होणाऱ्या प्रश्नाचीही. "का नाही सांगितलंस घरी?" ही उलटतपासणी झाली. तेच "सांगावंसं वाटलं तेव्हा काय आडवं आलं?" असं विचारलं की पोरगं पुढचं वाक्य बोलतं. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजायचं. तिसऱ्या-चौथ्या आकड्यालाच बहुतेकांचा धीर सुटतो आणि ते आपल्याच प्रश्नाचं उत्तर देऊन टाकतात.

गोल ८ ते १० मुलांचा आणि मोठे दोनच. १२ च्या वर मुलं गेली की वाट बघून बघून शेवटची तीन गप्पच बसतात. वेळ ७० मिनिटं : ५ नियमांना, १० मनाच्या हवामानाला (आज आत ऊन, ढग की वादळ, एका शब्दात), ४५ मूळ प्रश्नाला, १० निरोपाला. निरोपाची दहा मिनिटं कधीही खायची नाहीत. रडवेलं पोर तसंच सायकलवर बसवून घरी पाठवायचं नाही. सगळे सतरंजीवर. मोठ्यांना खुर्ची आणि मुलांना जमीन दिली की शाळा सुरू झाली.

एक वस्तू हातोहात फिरवतात; ज्याच्या हातात ती, त्याने बोलायचं. 'पुढे द्या' म्हणून न बोलता सरकवायचीही मुभा. ही रीत उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासी समाजांच्या गोलातून आलेली आहे. आपल्याकडे हौसेने मागाचा लाकडी धोटा ठेवावासा वाटतो, पण त्याची टोकं लोखंडी असतात, बेचैन पोर तो सतरंजीवर टकटक आपटत बसतं आणि सगळ्यांचं लक्ष तिकडे. त्यापेक्षा टेरीचा लहान नॅपकिन घ्या, मधोमध गाठ मारलेला. पिळता येतो, बोटांना काम मिळतं, आणि गरज पडली तर डोळेही पुसता येतात.

कलम_एकोणीस:
वरचं सगळं बरोबर, पण सुरक्षेला वेगळे तीन तास हवेत. पाच तास माहितीचे म्हटलेत, त्यातलेच घ्या. हार्मोन्सवाली व्याख्यानं कापा.

"इथलं बोलणं इथेच राहील" असं कोणीही म्हणायचं नाही. ते खोटं आहे. पहिल्या मिनिटाला असं सांगायचं : "इथलं बोलणं आम्ही बाहेर नेत नाही. तीन गोष्टी सोडून. तुला कोणी इजा करत असेल, तू स्वतःला इजा करणार असशील, किंवा तू दुसऱ्याला करणार असशील. तेव्हा आम्ही मदत बोलावू, पण आधी तुला सांगून." हे वाक्य १४ जणांकडून तोंडपाठ करून घ्या. मुलाने मन मोकळं केल्यावर जर हे सांगितलं तर तो विश्वासघातच वाटतो.

पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धचा) कायदा २०१२ चा. कलम १९ प्रमाणे, १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक गुन्हा झाल्याचं किंवा होण्याची भीती असल्याचं ज्याला कळलं, त्याने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. शिक्षक, आशाताई, पालक, कोणीही सुटत नाही. न कळवल्यास कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर वर्षापर्यंत. सद्हेतूने कळवणाऱ्यावर मात्र खटला भरता येत नाही. खात्री करून घेणं, पुरावा गोळा करणं हे आपलं काम नाही. मुलाला पुन्हा पुन्हा सांगायला लावलं की त्याचाही छळ होतो आणि पुढे जबाबही बिघडतो. त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून लिहून ठेवा आणि थांबा.

१०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी, १४४१६ ही टेलि-मानसची (सरकारची मानसिक आरोग्याची फोनसेवा), दोन्ही चोवीस तास. खोलीच्या भिंतीवर मोठ्या आकड्यांत लावा. आत्महत्येबद्दल सरळ विचारलं तर पोराच्या डोक्यात नसलेला विचार येतो, ही समजूत चुकीची आहे. "मरून जावं असं वाटतं का?" हा प्रश्न प्रत्येकाने सरावात मोठ्याने, न अडखळता उच्चारायचा. होय म्हणालं तर एका मोठ्याने त्याच्याजवळ थांबायचं, दुसऱ्याने फोन करायचा. एकटं सोडायचं नाही. म्हणून मोठे दोन.

अभ्यासिका_पूर्वभाग:
आभार. दोन शंका. शिक्षकांनी आपल्याच शाळेच्या मुलांचा गट घ्यावा का? आणि प्रेमप्रकरणं निघाली तर प्रत्येक वेळी पोलीस?

कलम_एकोणीस:
शिक्षकांना आपली मुलं देऊ नका. ज्याच्या हातात गुण आहेत त्याच्यासमोर कोण बोलणार? चौघांची शाळेबाहेर अदलाबदल करा. पालकांनाही हाच नियम.

एखादा आवडतो, चिठ्ठ्या दिल्या, हा गुन्हा नव्हे. पण शारीरिक संबंध दोघांच्या मर्जीचा असला तरी १८ खालच्याची संमती कायदा मानत नाही, आणि कळलं की कळवणं आलंच. म्हणून गोलात तपशील विचारायचेच नाहीत आणि मर्यादा आधी सांगायची. अडलं तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत सल्ला मिळतो.

मागामागचं_घर:
भाषेचं कोणीच काढलं नाही. पूर्व भागात किती घरांत तेलुगू चालते ते तुम्हाला माहीतच आहे. दुखरं बोलणं घरच्या भाषेतच येतं. जोडीतल्या एकाला तरी तेलुगू समजायला हवी, आणि एका मुलाचं दुसऱ्या मुलाकडून भाषांतर करून घ्यायचं नाही. उर्दू, कन्नड बोलणारी मुलं असतील तिथेही तेच.

मोठ्यांसाठी अर्ध्या तासाचा सराव : 'टेन्शन' हा शब्द न वापरता मनाच्या अवस्थांचे वीस शब्द लिहा. चांगलं, वाईट, राग इथवर सगळे पोचतात आणि पेन थांबतं. धास्ती, लाज, हेवा, कोंडमारा, कंटाळा, हुरहुर, अपराधी वाटणं हे शब्द मोठ्यांच्याच जवळ नसतील तर पोरांना कुठून मिळणार?

वेळ ठरवताना मुलींना विचारा. नळाला पाणी यायच्या दिवशी त्या येत नाहीत, आणि आई विड्यांच्या मोजणीला गेली की धाकटं भावंड कडेवर असतं. त्यावरून "मुलींना रस नाही" असा शेरा मारू नका. धाकट्यांना बसवायला शेजारची खोली आणि एक मोठी बाई ठेवली की हजेरी सुधारते. जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) आठवड्यात गट ठेवूच नका.

सतरंजी_आणि_गोल:
एक राहिलं. २० तास झाले की लगेच एकट्यावर सोपवू नका. पहिले चार गोल जोडीदार म्हणून, आणि प्रत्येक गोलानंतर दोघांनी २० मिनिटं बसायचं : मी कुठे जास्त बोललो, कोण आज बोललंच नाही, पुढच्या वेळी कोणाकडे लक्ष. आणि गोलाचे फोटो काढून स्टेटसला टाकायचे नाहीत, पाठमोरेसुद्धा. पोरं चप्पल बघूनही एकमेकांना ओळखतात.