नाना शंकरशेट कौन्सिलात गेले ते लोकांचे म्हणून की सरकारचे म्हणून?

गिरगावकर: रोज नाना चौकातून जातो, काल तिथेच मित्राशी वाद झाला म्हणून धागा काढतोय. तो म्हणतो जगन्नाथ शंकरशेट म्हणजे इंग्रजांच्या मर्जीतले पेढीवाले, १८६२ ला मुंबईच्या कायदे कौन्सिलात घेतलं ते त्याचंच बक्षीस. मला हे अजिबात पटलेलं नाही. वडील गेले तेव्हा वय १९, एवढा मोठा व्यापार अंगावर पडला, नुसता तो सांभाळून आरामात जगता आलं असतं की. पण हा माणूस शाळा, कॉलेज, रेल्वे सगळ्यात उतरला.

तिरका_कोन: मित्राचं अगदीच चूक नाही हो. १८६१ चा कौन्सिलांचा कायदा बघा, निवडणूक नाही, गव्हर्नर नेमणार, बजेटवर चर्चा नाही, प्रश्न विचारायचा हक्क नाही, समोर येईल त्या बिलावर काय ते बोलायचं. ज्याला एकानेही मत दिलं नाही तो लोकप्रतिनिधी कसा? आणि नेमलं कोणाला तर शेठ, सरदार, संस्थानिक. रेल्वेचं म्हणाल तर १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर-ठाणे गाडी धावली याचा मलाही अभिमान आहे, पण कापूस बंदरावर लवकर यावा ही व्यापाऱ्यांची गरज होतीच ना.

ठाणेकरीण: रेल्वेत फायदा होता, मान्य. १८४९ च्या सुमारास स्वतःच्या वाड्यात मुलींची शाळा भरवू दिली त्यात कसला फायदा? तेव्हा मुलीला शिकवायचं म्हटलं की आपलेच लोक अंगावर यायचे, इंग्रज नाही.

गिरगावकर: अगदी! आणि तिरका_कोन, नेमणूक होती हे मी नाकारत नाहीये, पण सरकारने नेमलेला माणूस सरकारचीच री ओढतो असं कुठाय? बोर्ड ऑफ एज्युकेशनवर, म्हणजे शिक्षणाचं काम बघणाऱ्या सरकारी मंडळावर असताना १८४७ ला थेट अध्यक्षांच्या, म्हणजे अर्स्किन पेरींच्या विरोधात गेले, पेरी मुंबईच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टाचे जज्ज, त्यांना इंग्रजीवर भर हवा होता आणि नानांचं म्हणणं की सामान्य माणसापर्यंत विद्या न्यायची तर ती देशी भाषेतूनच. मग १८५२ ला बॉम्बे असोसिएशन, म्हणजे इथल्या लोकांच्या मागण्या सरकारपुढे मांडणारी संस्था, नाना अध्यक्ष. ईस्ट इंडिया कंपनीची राज्य करायची सनद संपत आली होती, तेव्हा असोसिएशनने पार्लमेंटला अर्ज पाठवला, त्यात कौन्सिलात इथली माणसं घ्या ही मागणी होती. म्हणजे खुर्ची मिळायच्या दहा वर्षं आधी ती मागितली होती, तीही संस्था काढून, उघडपणे. याला बक्षीस कसं म्हणायचं?

तिरका_कोन: अर्जाचं माहीत होतं पण १८६२ शी जोडून बघितलं नव्हतं, इथे तुमचा मुद्दा मजबूत आहे. ‘बक्षीस’ मागे घेतो. लोकप्रतिनिधी मात्र अजून म्हणणार नाही, कारण असोसिएशनमध्येही पैसेवाले आणि शिकलेलेच होते. त्या अर्जात शेतसारा भरणाऱ्या रयतेबद्दल काय लिहिलं होतं? कोणी मूळ अर्ज वाचला असेल तर इथे टाका, माझं मत त्यावरच ठरेल.