शब्दचर्चा: काउंटीचा शेरीफ म्हणजे नगरपाल, फौजदार की नुसता शेरीफच?

खोडरबर:
एका लेखाचा अनुवाद करतोय. विषय लॉस एंजेलिस काउंटीची २०२२ ची शेरीफपदाची निवडणूक. एका बाजूला तेव्हाचे शेरीफ अ‍ॅलेक्स व्हिलानुएवा, दुसऱ्या बाजूला रॉबर्ट लुना. लुना लाँग बीच शहराच्या पोलीस दलात ३६ वर्षं होते आणि तिथले पोलीसप्रमुख म्हणून निवृत्त झाले. गाडी पहिल्याच वाक्यात अडली आहे. मुंबईच्या शेरीफला आपण नगरपाल म्हणतो, तोच शब्द इथे चालेल का? काउंटी म्हणजे जिल्हा धरला तर 'जिल्हा पोलीस अधीक्षक' का नको? आणि लुनांना मूळ लेखात 'व्हेटरन' म्हटलंय. ज्येष्ठ, अनुभवी, दिग्गज यांतलं काय घेऊ?

शब्दवेल्हाळ:
नगरपालच घ्या. घडवलेला, सुटसुटीत, वर्तमानपत्रांत रुळलेला शब्द आहे. हाताशी मराठी शब्द असताना उसना कशाला?

कज्जेदलाल:
अहो, तो शब्द रुळलाय खरा, पण कुणासाठी? मुंबईचा शेरीफ म्हणजे सरकारने वर्षभरासाठी नेमलेली प्रतिष्ठित व्यक्ती. पाहुण्यांचं स्वागत करायचं, शोकसभांचं अध्यक्षपद भूषवायचं. १९८० साली दिलीपकुमार होते, १९९४ साली सुनील गावसकर. त्यांच्या हाती ना पोलीस, ना तुरुंग. वाचकाने 'लॉस एंजेलिसचे नगरपाल' वाचलं की डोळ्यांपुढे हार-तुरे येणार, बेड्या नाही.

एक मात्र सांगतो. मुंबईतही या पदाची जुनी मुळी अजून जिवंत आहे, ती उच्च न्यायालयात. हुकूमनाम्याची बजावणी, जप्ती, लिलाव ही कामं शेरीफच्या कार्यालयाकडे असतात. सगळ्यात मजेशीर म्हणजे जहाजाची अटक. एखाद्या बोटीवर येणं थकलं आणि न्यायालयाने हुकूम दिला की मुंबई बंदरात ती बोट अडकवायची ती शेरीफच्या नावाने. प्रत्यक्षात अर्थात कार्यालयातली माणसं जातात, गावसकर नाही.

मोडी_वाचक:
मुळीचा विषय निघालाच आहे तर: जुन्या इंग्रजीत 'शायर' म्हणजे परगणा आणि 'रीव्ह' म्हणजे कारभारी. परगण्यात राजाचा वसूल गोळा करणारा, हुकूम बजावणारा तो शायर-रीव्ह, त्याचा झाला शेरीफ. अरबीतून आलेल्या आपल्या 'शरीफ'शी काही नातं नाही, योगायोगाने उच्चार जवळ आलेत. कामाने पाहिलं तर आपला देशमुख बराच जवळ बसतो. पण देशमुखी वंशपरंपरेची, त्यामुळे निवडणुकीच्या बातमीत तो शब्द घातला तर वाचक आडनाव समजेल.

एकच शब्द देशोदेशी किती फिरलाय बघा. इंग्लंडमध्ये हाय शेरीफ आता वर्षभराचं शोभेचं पद आहे, मुंबईचं वळण तिथलंच. स्कॉटलंडमध्ये शेरीफ म्हणजे चक्क न्यायाधीश. भारतात आज हे पद मुंबई आणि कोलकात्यात उरलंय, चेन्नईने १९९८ मध्ये बंद केलं.

सध्या_लाँगबीच:
इथे बरीच वर्षं राहतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नगरपालला माझा विरोध हार-तुऱ्यांमुळे नाही, 'नगर'मुळे आहे. लॉस एंजेलिस काउंटीत ८८ शहरं आहेत. लॉस एंजेलिस शहराचं आणि आमच्या लाँग बीचचं पोलीस दल स्वतःचं आहे. तिथल्या रस्त्यावर गस्त घालणं हे शेरीफचं काम नाही. त्याची स्वतःची हद्द सुरू होते ती शहरांच्या बाहेर, जो भाग कुठल्याच नगरपालिकेत मोडत नाही तिथे. त्याशिवाय ४२ शहरांनी स्वतःचे पोलीस न ठेवता पैसे मोजून शेरीफशी करार केलेत. म्हणजे नगर नसेल तिथला, किंवा नगराने कंत्राट दिलं तर तिथला. अशा माणसाला नगरपाल म्हणणं उलटंच झालं. त्यात आपल्याकडे नगराध्यक्ष थेट निवडून येतो, म्हणजे गोंधळात आणखी भर.

'पोलीस अधीक्षक' तर त्याहून चुकीचं. अधीक्षकाची बदली होते, शेरीफची होत नाही. बहुतेक राज्यांत त्याला मतदार निवडतात आणि मतदारच घरी पाठवतात. लॉस एंजेलिसमध्ये काउंटीच्या पाच जणांच्या मंडळाच्या हाती शेरीफ खात्याचं अंदाजपत्रक होतं, पण शेरीफला काढायचा अधिकार नव्हता. व्हिलानुएवांशी त्यांचं इतकं फाटलं की २०२२ च्या त्याच मतपत्रिकेवर एक प्रस्ताव आला: गंभीर कारण असेल तर पाचपैकी चार मतांनी शेरीफला काढता यावं. तो मंजूर झाला, आणि व्हिलानुएवाही पडले. लुनांना ६१ टक्क्यांच्या आसपास मतं मिळाली.

फरक एकाच माणसात बघायचा तर जिम मॅकडॉनल घ्या. हेही लाँग बीचचे माजी पोलीसप्रमुख. २०१४ मध्ये शेरीफ म्हणून निवडून आले, २०१८ मध्ये याच व्हिलानुएवांनी त्यांना हरवलं. पदावरचा शेरीफ निवडणुकीत हरण्याची या काउंटीत शंभर वर्षांत ती पहिलीच वेळ होती. २०२४ मध्ये महापौरांनी त्यांना लॉस एंजेलिस शहराचा पोलीसप्रमुख नेमलं. पोलीसप्रमुखाला एक महापौर पटवावा लागतो, शेरीफला एक कोटीच्या घरातली वस्ती. मराठीत या दोघांना एकच शब्द लावलात तर तुमचा लेखच कळणार नाही.

पाटलाचा_वाडा:
फौजदार? ठसकेबाज आहे.

कज्जेदलाल:
ठसका आहे, पण आजच्या वाचकाला फौजदार म्हणजे उपनिरीक्षक. एवढ्या मोठ्या काउंटीच्या सर्वेसर्वाला दोन चांदण्यांवर आणून ठेवाल.

मला विचाराल तर शेरीफचं निम्मं काम आपल्याकडे बेलिफ करतो. समन्स पोचवणं, कोर्टाच्या हुकमाने घर रिकामं करून घेणं. बाकीचं निम्मं पोलिसांचं आणि तुरुंग अधीक्षकाचं. तीन खाती एका टोपीखाली. असं पद आपल्याकडे नाहीच, तर शब्द कुठून येणार? 'शेरीफ'च ठेवा. बेलिफ पचवला, कलेक्टर पचवला, हाही पचेल.

सध्या_लाँगबीच:
तुरुंगाचं बरोबर आहे. लॉस एंजेलिसच्या शेरीफकडचे काउंटी तुरुंग देशातले सर्वांत मोठे गणले जातात. सॅन फ्रान्सिस्कोत तर शहर आणि काउंटी एकच असल्यामुळे गस्त शहर पोलिसांकडे, आणि शेरीफकडे मुख्यतः तुरुंग आणि कोर्टाची सुरक्षा. तिथे मायकल हेनेसी १९८० पासून २०१२ पर्यंत शेरीफ होते, आणि ते मूळचे वकील, पोलीस नव्हेत! १९८९ पासून मात्र कॅलिफोर्नियात या पदाला उभं राहायला पोलिसी कामाची पात्रता लागते. उमेदवारांच्या ओळखीत 'अनुभवी पोलीस अधिकारी' हे शब्द सारखे दिसतात ते नुसतं कौतुक नसतं.

शब्दवेल्हाळ:
नगरपालचा हट्ट सोडला. पण 'काउंटी'ला तरी जिल्हा म्हणा! आणि 'व्हेटरन'ला 'ज्येष्ठ' नको. ज्येष्ठ म्हटलं की आपल्याकडे एसटीचं अर्धं तिकीट आठवतं. 'मुरलेले पोलीस अधिकारी' कसं वाटतं?

मोडी_वाचक:
'मुरलेला'मध्ये थोडा बेरकीपणा येतो. राजकारणात मुरलेला म्हणतो तेव्हा आपण स्तुती करत नसतो. लुनांचे विरोधक खूश होतील. सरळ 'पोलीस दलात ३६ वर्षं घालवलेले' लिहा, आकडा हाताशी असताना विशेषण कशाला? आणि एक खड्डा: अमेरिकेत नुसतं 'व्हेटरन' म्हटलं तर माजी सैनिक. घाईत कुणी लुनांना लष्करात पाठवू नये.

जिल्ह्याबद्दल: काउंटीला जिल्हाधिकारी नसतो, आणि कॅलिफोर्नियात डिस्ट्रिक्ट म्हटलं की मतदारसंघ, शाळा, पाणीपुरवठा अशी वेगळीच रांग लागते. काउंटी राहू द्या.

खोडरबर:
सर्वांचे आभार. आता वाक्य असं: 'लाँग बीचच्या पोलीस दलात ३६ वर्षं काढलेले माजी पोलीसप्रमुख रॉबर्ट लुना काउंटीच्या शेरीफपदासाठी उभे राहिले.' इंग्रजीत उमेदवार धावतो, आपल्याकडे उभा राहतो. त्याला उभाच ठेवलाय.

आणखी एक. 'डेप्युटी'ला उपशेरीफ लिहू ना?

सध्या_लाँगबीच:
नका लिहू. शेरीफचा डेप्युटी म्हणजे गस्तीवरचा साधा शिपाई, आणि लॉस एंजेलिसमध्ये असे हजारो आहेत. गाडी अडवून लायसन्स मागणाऱ्याला उपशेरीफ म्हटलंत तर वाचकाला वाटेल दोन नंबरचा साहेबच रस्त्यावर उतरलाय. दोन नंबरचा असतो अंडरशेरीफ, उपशेरीफ हा शब्द त्याच्यासाठी राखून ठेवा. डेप्युटीला 'शेरीफचे पोलीस' म्हटलं तरी भागतं.

पाटलाचा_वाडा:
बाई निवडून आली तर? शेरीफीण?

कज्जेदलाल:
आलीच आहे. मायामी-डेड काउंटीने १९६६ मध्ये निवडून येणारा शेरीफ बंद केला होता. २०१८ मध्ये फ्लोरिडाच्या मतदारांनी राज्यघटना दुरुस्त करून तो परत आणायला लावला, आणि २०२४ च्या निवडणुकीत तिथल्याच पोलीस दलातल्या रोझी कॉर्डेरो-स्टुट्झ जिंकल्या. मराठीत 'शेरीफ झाल्या', बस्स. क्रियापद आपलं काम करतं, शेपूट लावायची गरज नाही. कलेक्टरीणबाई म्हणजे पूर्वी कलेक्टरची बायको असायची, ते विसरू नका.