कुंभारगावात गेल्यावर पाहुण्यानं चाकावर बसावं का?

मातीमोल

कुंभारकामासाठी नावाजलेल्या गावांत हल्ली पाहुणा आला की त्याला आधी चाकावर बसवतात. अर्धा तास चिखलात हात, एक वाकडी वाटी, चार फोटो. माझं मत: पाहुण्यानं हे स्वतःहून मागू नये. हात लावल्यानं कला विटाळते वगैरे मला म्हणायचं नाही. हिशेब चुकतो, एवढाच मुद्दा.

चाक हा या कामातला सर्वांत छोटा तुकडा आहे. माती खणायची, वाळवायची, ढेकळं फोडायची, भिजत घालायची, गाळून खडे काढायचे, पाणी उतरल्यावर तुडवायची, मळायची. मग मध्यम आकाराचं भांडं चाकावर पाच-दहा मिनिटं असतं. त्यानंतर ते सावलीत अर्धवट सुकतं. मोठं मडकं असेल तर आतून दगडी गोळा आणि बाहेरून लाकडी थापी धरून ठोकून वाढवतात, कारण चाकावर ओढलेली भिंत तेवढी पातळ आणि तेवढी मोठी एकदम उभी राहत नाही. मग पुन्हा सुकवणं, घोटणं, भाजणं. पाहुणा यातली फक्त ती दहा मिनिटं बघतो आणि वस्तू दहा मिनिटांची समजून घासाघीस करतो.

शिवाय नवखा माणूस पाणी फार वापरतो. किलोभर मळलेल्या मातीचा दहा मिनिटांत रेंदा होतो. तो लगेच परत वापरता येत नाही. पसरून, आळवून पुन्हा मळावा लागतो. आणि ते मळणं पाहुणा करत नाही.

फिरस्ती

सहमत नाही. हिशेबच करायचा तर पुरता करा.

भांडी विकून येणारा पैसा आव्यातून, म्हणजे भांडी भाजायच्या उघड्या भट्टीतून जातो. आवा म्हणजे जोखीम. वारा फिरला, सरपण ओलं निघालं, वरून सर आली की रचलेल्या मालातला काही भाग तडकतो, काही अर्धकच्चा राहतो. चाकावर बसवण्याचा मोबदला मात्र आव्यात जात नाही, तो त्याच दिवशी हातात पडतो. पावसाळ्यात तर माल सुकतच नाही, भाजणं दूरच. तेव्हा हेच उत्पन्न उरतं.

दुसरं, घासाघीस थांबवण्याचा याहून चांगला उपाय मला माहीत नाही. मातीचा गोळा चाकाच्या मध्यावर आणणं हेच नवख्याला जमत नाही. कोपर अधांतरी ठेवून तो बोटांनी ढकलत बसतो. गोळा डगमगतो, त्याबरोबर हातही डगमगतो. कोपर मांडीवर किंवा कमरेशी टेकवून तळव्याच्या गादीनं स्थिर दाब द्यायचा असतो, आणि हात सोडायचा तोही हळू. झटकन सोडला की गोळा पुन्हा बाजूला. हे जमेना झालं की भांड्याकडे बघण्याची नजर बदलते.

मातीची नासाडी टाळता येते. गोळा ५०० ते ७०० ग्रॅमचाच द्यावा. पाण्याचं भांडं लहान ठेवावं. पाहुण्यांची माती वेगळ्या कुंडीत टाकावी. अंगठ्या, घड्याळ काढायला लावावं, नखं वाढलेली असतील तर सरळ बसूच देऊ नये.

आव्याचा धूर

तुम्ही दोघं खरी अडचण सोडून बोलताय. त्या वाकड्या वाटीचं पुढे काय?

ओली वाटी सोबत नेता येत नाही. अर्धवट सुकलेली नेली तर पिशवीत मोडते. पाहुण्याला हवी असते भाजलेली, आणि यजमान भिडेखातर ती आव्यात ठेवतो. नवख्याच्या वाटीचं बूड हमखास जाड असतं, दीड-दोन सेंटीमीटर. काठ कागदासारखा. काठ दोन दिवसांत सुकतो, बूड आतून ओलंच. सुकताना माती आकसते, पण काठ आणि बूड एका वेळी आकसत नाहीत. बूड नीट दाबलेलं नसेल तर मधोमध नागमोडी चीर पडते. तेवढ्यावर भागलं तर ठीक. आत ओल राहिलेलं भांडं आव्यात गेलं आणि ताप १०० अंशांच्या पुढे वेगानं चढला, तर त्या पाण्याची वाफ भिंत फोडून बाहेर येते. खापऱ्या शेजारच्या चांगल्या भांड्यांवर आदळतात. (मातीत राहिलेला हवेचा बुडबुडा भांडं फोडतो ही समजूत सगळीकडे ऐकू येते. फोडते ती वाफ. पूर्ण सुकलेल्या भांड्यात बुडबुडा असला तरी ते सहसा नीट भाजलं जातं.)

म्हणून आव्याला आधी तासन् तास मंद धग देतात. पुढे साधारण ४५० ते ६०० अंशांत मातीच्या कणांत रासायनिक बांधलेलं पाणी निघून जातं. त्यानंतर ती माती परत भिजवून गोळा करता येत नाही. उघड्या आव्यात ताप साधारण ६०० ते ९०० अंशांच्या घरात पोचतो, तोही सगळीकडे सारखा नाही. कडेचा माल कमी भाजतो, मधला जास्त.

पाहुण्याला खरंच काही बघायचं असेल तर निघण्याआधी एकच प्रश्न विचारावा: आवा कधी रचणार आणि कधी उघडणार? रचणी बघण्यासारखी असते. खाली सरपण, वर भांडी तोंडं साधून, फटींत बारीक भांडी, वरून गवत-भुसा आणि खापरांचं किंवा राख-चिखलाचं पांघरूण. आणि उघडायच्या दिवशी "जरा लवकर दाखवा ना" म्हणू नये. ५७३ अंशांना मातीतल्या गारेचं (क्वार्ट्‌झचं) आकारमान एकदम बदलतं. गरम आवा घाईनं उघडला, गार वारा लागला, की बरी दिसणारी भांडीसुद्धा चिरतात.

फिरस्ती

मग भाजूच नका. बसण्याआधीच सांगा की वाटी इथेच राहील. पूर्ण वाळू द्यावी आणि मग पाण्यात टाकावी. कोरडी ठणठणीत वाटी बघता बघता विरघळते, अर्धवट ओली मात्र गोळा धरून बसते. माती परत कुंडीत. नुकसान शून्याच्या जवळ.

मातीमोल

हे आधी सांगितलं तर अर्धे पाहुणे बसणारच नाहीत. त्यांना वस्तू हवी असते, अनुभव हा शब्द नंतरचा.

काठ आणि बूड

सगळी चर्चा चाकाभोवती चाललीय, पण किती तरी नावाजलेल्या गावांत फिरतं चाक नाहीच. मणिपूरच्या लोंगपीत दगडाची भुकटी आणि माती मिसळून भांडी हातानं घडवतात. राजस्थानातल्या मोलेलात देवांच्या मूर्तींचे मातीचे फलक हातानंच उठवतात. मेक्सिकोत सान बार्तोलो कोयोतेपेकला दोन बशा असतात, एक पालथी आणि तिच्यावर एक उताणी, त्या हातानं फिरवत भांडं वाढवतात. अशा ठिकाणी जाऊन "चाक कुठंय?" विचारणारे पाहुणे असतात. मग विजेचं चाक आणून अंगणात मांडलं जातं, केवळ त्यांच्यासाठी. मला याचाच राग आहे.

याउलट जपानमधलं ओन्ता बघा. ओढ्याच्या पाण्यावर चालणारी लाकडी उखळं दिवसरात्र माती कांडतात. मोजक्या घराण्यांत काम चालतं, भांड्यावर कुणा एकट्याचं नाव घालत नाहीत. पाण्यावर जेवढी माती कांडून होते तेवढाच माल. पाहुणे येतात, उखळांचा आवाज ऐकतात, भांडी घेतात आणि जातात. १९९५ साली त्या कामाला राष्ट्रीय वारशाचा दर्जा मिळाला, तोही कुणाला चाकावर न बसवता.

शाडू

ओन्ताचं उदाहरण ऐकायला छान, पण ते सगळीकडे कसं लागू होईल? त्यांच्यामागे भांडी जाणून घेणारा मोठा वर्ग आहे. ज्या गावाचं नाव कुणाला माहीत नाही त्यानं काय करायचं?

मेक्सिकोच्या चिहुआहुआ राज्यातलं माता ओर्तीस गाव घ्या. तिथल्या हुआन केसादा यांनी त्या भागातल्या प्राचीन पाकिमे संस्कृतीची खापरं बघून स्वतःच तंत्र शोधलं. १९७६ मध्ये स्पेन्सर मॅकॅलम या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञानं एका जुन्या सामानाच्या दुकानात त्यांची भांडी पाहिली आणि तो शोधत गावात आला. पुढे तिथली कितीतरी घरं या कामात आली. बाहेरचा माणूस आला म्हणून कला टिकली असं नाही, उभीच राहिली. पाहुण्याला सरसकट उपद्रव ठरवू नका.

काठ आणि बूड

मॅकॅलम चाकावर बसायला आले नव्हते. मुद्दा तोच आहे.

आणि पाहुण्याच्या आवडीनं वस्तू कशी बदलते ते कोयोतेपेकमध्येच दिसतं. पूर्वीची तिथली भांडी राखाडी, बिनचकाकीची, पण द्रव साठवायला भक्कम. १९५० च्या दशकात तिथल्याच रोसा रेआल यांना सापडलं की अर्धवट सुकलेलं भांडं गारेच्या गोट्यानं घोटलं आणि भट्टी थोड्या कमी तापावर थांबवली तर झळझळीत काळा रंग येतो. पाहुण्यांना तेच आवडलं. पण कमी भाजल्यामुळे ते भांडं पाणी धरत नाही आणि लवकर फुटतं. रांजण गेला, शोभेची वस्तू आली. गावाला पैसा मिळाला हे मान्य, पण काय गेलं तेही मोजा.

आव्याचा धूर

निदान विकत घेताना तरी डोळे उघडे ठेवा. चाकापेक्षा याची गरज जास्त आहे.

भांडं तळहातावर मोकळं धरून बोटाच्या पेरानं वाजवा. खणखणीत वाजलं तर ठीक. बद्द आवाज आला तर चीर असते किंवा कमी भाजलेलं असतं. काठावर अंगठा फिरवा. बारीक पांढरे ठिपके दिसले तर सावध. मातीतला चुनखडा भाजल्यावर कळीचा चुना होतो, हवेतली ओल शोषून फुगतो आणि आठवड्यांनी पापुद्रा उडवतो. विकणाऱ्यालाही ते त्या दिवशी दिसत नाही. काळे-तांबूस डाग मात्र दोष नाहीत, धूर लागल्याची खूण आहे. त्यावरून भाव पाडू नका.

खाण्यापिण्यासाठी घेताय? मग वरचा रंग नखानं खरवडा. निघाला तर भाजल्यानंतर लावलेला तैलरंग आहे, ते भांडं फक्त शोभेचं. कमी तापावर भाजलेल्या चकचकीत लेपात शिसं असू शकतं आणि आंबट पदार्थात ते उतरतं. बघून ओळखता येत नाही, शिसं तपासायच्या घरगुती काडीनं खात्री होत नाही. लेपाची खात्री नसेल तर बिनलेपाचं घ्या.

मातीमोल

बिनलेपाचं पाझरतं म्हणून परत करणारे महाभाग असतात, तेही लिहा. पाणी गार होतं ते पाझरूनच.

शाडू

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. कच्चा माल अंगणात सुकत असतो, तो ओलांडू नये, फोटोसाठी उन्हात सरकवू नये. एका बाजूनं ऊन लागलं की त्या बाजूनं आधी आकसून भांडं वाकतं. आणि कच्चं भांडं काठाला धरून कधीच उचलायचं नाही. दोन्ही हात बुडाखाली. काठ हातात येतो आणि भांडं जमिनीवर, हा प्रकार पाहुण्यांकडूनच होतो. तेव्हा फुटक्या मालाचे पैसे न मागता द्यावेत.

फिरस्ती

हे सगळं मान्य. तरी माझा प्रश्न तसाच आहे. पावसाच्या महिन्यांत आवा बंद, अंगण ओलं, विकायला माल नाही. तेव्हा आलेल्या पाहुण्याला चाकावर न बसवता त्या घरानं काय करायचं?

मातीमोल

माती मळायला बसवावं. तेवढेच पैसे घेऊन.

फिरस्ती

कुणी येणार नाही.

आव्याचा धूर

येतील. एखाद्या गटाला माती गाळायला आणि तुडवायला लावून बघा, मग मळलेल्या मातीतली मूठभर त्यांनाच चाकावर द्या. आपण मळलेल्या मातीवर कुणी तांब्याभर पाणी ओतत नाही.