माशांच्या टाकीवरचा एलईडी दिवा विकत आणावा की घरी बनवावा? माझं मत: बनवावा

उपद्व्यापी:
दोन वर्षांत माझ्या टाकीवरचे दोन रेडीमेड दिवे मेले. दुसरा गेला तेव्हा चिडून उघडलाच. आत ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर चिकटवलेली पट्टी आणि एका चिपच्या पिवळ्या ठिपक्यात टाचणीच्या टोकाएवढा काळा डाग. बाकी सगळं ठणठणीत. एकामागोमाग जोडलेल्या बारा चिपांतली एक जळाली आणि अख्खी रांग अंधारात गेली. बदलायला गेलो तर वर सिलिकॉनचा असा थर ओतलेला, की तो खरवडताना उरलेल्या अकराही उखडल्या.

मग स्वतः बनवला. टाकी ९० सेंमी लांब, ४५ सेंमी उंच, आत भरपूर झाडं. वर पात्यांचा ॲल्युमिनियम हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा), त्यावर ३ वॉटचे स्टार एलईडी (चांदणीच्या आकाराच्या चकतीवर बसवलेले): ६५०० केल्विनचे १८ पांढरे आणि ६६० नॅनोमीटरचे ६ लाल. सगळे एकाच माळेत, ५०० मिलिअँपिअरच्या कॉन्स्टंट करंट ड्रायव्हरवर, म्हणजे कायम तेवढाच करंट देणाऱ्या पुरवठ्यावर. हे एलईडी ७०० पर्यंत घेतात, मी मुद्दाम कमी दिलं. उजेड थोडा घटतो पण हीटसिंक तासाभरानंतरही तळहात ठेवण्याइतका थंड राहतो.

बाजारातल्या दिव्यांचा उजेड चांगला असतो, मान्य. पण बिघडला की कचऱ्यात. माझ्यातला एक गेला तर सोल्डरचे दोन टाके, जरा थर्मल पेस्ट, अर्ध्या तासात पुन्हा चालू. शॉकची भीती घालायला येणाऱ्यांना आधीच सांगून ठेवतो: वर कमी व्होल्टचा डीसी आहे.

अर्धवट इलेक्ट्रिशियन:
शेवटच्या वाक्यापर्यंत माना डोलावत आलो होतो. आता जरा हिशेब करा. पांढरा एलईडी धरा ३ व्होल्ट, लाल २.२ च्या आसपास. १८ पांढऱ्यांचे ५४, लालांचे १३. तुमच्या माळेच्या दोन टोकांमध्ये ६७ व्होल्ट आहेत. कोरड्या जागी ६० व्होल्ट डीसीपर्यंत हात लागला तरी निभावतं असं धरतात, आणि आपण तर कोपरापर्यंत ओले असतो; तिथे ती मर्यादा बरीच खाली येते. त्यात माळ कुठे तुटली तर हा ड्रायव्हर करंट ढकलायच्या नादात व्होल्टेज थेट त्याच्या कमाल आकड्यापर्यंत चढवतो.

याहून मोठा प्रश्न ड्रायव्हरचा. आत ट्रान्सफॉर्मर आहे का? बरेचसे स्वस्त ड्रायव्हर बिनट्रान्सफॉर्मरचे असतात, म्हणजे एलईडीची बाजू सरळ घरच्या मेन लाइनला जोडलेली. तसा असेल तर व्होल्टचा हिशेब सोडाच, त्या हीटसिंकला हात लावताना आधी स्विच बंद करा.

हीटसिंकला अर्थिंग आहे? लाइनवर ३० मिलिअँपिअरचा गळती ब्रेकर आहे? वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर नेलीय का? नसेल तर थेंब वायरवरून घरंगळत सॉकेटमध्येच जाणार.

माझं मत तुमच्या उलट. ज्याला हे प्रश्न विचारावे लागतात त्याने दिवा विकत घ्यावा.

झाडपाला:
उपद्व्यापींना +१. बनवणाऱ्यांत दोन जाती असतात, एवढं मात्र सांगायला हवं. एक स्टार आणि हीटसिंकवाले, दुसरे सजावटीची १२ व्होल्टची पट्टी आणून झाकणाच्या आत चिकटवणारे. शिव्या पडतात त्या दुसऱ्यांमुळे. त्या पट्टीत दर तीन एलईडीमागे एक रेझिस्टर असतो, आणि साधारण पाचवा हिस्सा वीज त्यातच उष्णता होऊन जाते. ५०५० म्हणजे ५ मिमी चौरस चिपांची, दर मीटरला ६० चिपा असलेली पट्टी मीटरमागे १४.४ वॉट खाते. तिच्या चार रांगा प्लास्टिकच्या झाकणाला चिकटवल्या तर उष्णता जाणार कुठे? सहा महिन्यांत उजेड पिवळट-निळसर, कुठे नाहीसाच. आणि मग "घरचे दिवे टिकत नाहीत" हे वर ऐकायचं.

कोळंबीवाली:
त्या दुसऱ्या जातीतली मी. पट्टी उघडी होती, वरून कोटिंग नाही. झाकणाच्या आतून रोज वाफेचे थेंब लोंबायचे. काही महिन्यांनी पट्टीच्या तांब्याच्या टोकांवर हिरवट पापुद्रा दिसला आणि त्याच्या बरोबर खाली थेंब पडायचा तो टाकीत. त्याच सुमारास कोळंब्या रोज एक-दोन करत गेल्या. मासे खुशाल होते. पाणी तपासलं नाही, म्हणून तांब्यानेच मेल्या असं छातीठोक सांगणार नाही, पण कोळंबी-गोगलगायींना तांबं किती सोसत नाही हे नंतर वाचलं तेव्हा पोटात गोळा आला. आता माझ्याकडे विकतचा दिवा आहे, आणि तो काचेपासून वीतभर वर लटकवलाय.

उपद्व्यापी:
@कोळंबीवाली, वाईट वाटलं. पण तुम्हीच लिहिलंत, उघडी पट्टी. आयपी ६५ ची (धूळ-पाण्यापासून बचाव असलेली) घेतली असतीत तर वरून सिलिकॉनचा थर आला असता.

@अर्धवट इलेक्ट्रिशियन, ६७ चा हिशेब बरोबर आहे, मी बेरीजच केली नव्हती. ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मरचाच आहे, उघडून पाहिलाय. अर्थिंग नाही.

अर्धवट इलेक्ट्रिशियन:
@उपद्व्यापी, "अर्थिंग नाही" असं दोन शब्दांत उरकलंत! अहो, पाण्यावर टांगलेला धातूचा तुकडा आहे तो.

काठावरून:
सुरक्षेचं झालं, आता उजेडाचं बोलू. धागाकर्ते, तुमच्या दिव्याचा उजेड तळापर्यंत किती पोहोचतो? मोजलाय का?

उपद्व्यापी:
हो. पाणी भरण्याआधी तळाशी फोन ठेवून लक्स मीटरच्या ॲपने. भरपूर आहे.

काठावरून:
तिथेच गोची आहे. लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप. डोळा हिरव्याला सगळ्यात जास्त जागा, ५५५ नॅनोमीटरच्या आसपास. तुमचे ६६० वाले लाल त्या मीटरला जवळजवळ दिसतच नाहीत आणि झाडांना मात्र चांगले दिसतात. झाडांसाठी मोजायचा तो पार, म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला सगळा प्रकाश. नुसता पांढरा एलईडी असता तर लक्सला ढोबळमानाने ७० ने भागून पार काढता आला असता. २८०० लक्स असतील तर पार ४० मायक्रोमोलच्या (पार याच एककात मोजतात) आसपास. लाल मिसळले की तो भागाकार गेला. म्हणजे तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा झाडांना जास्त प्रकाश मिळतोय, आणि शेवाळालाही.

चांगल्या तयार दिव्यासोबत बऱ्याचदा उंचीनुसार पारचे आकडे दिलेले असतात. कोणीतरी मोजलेलं असतं. घरच्या दिव्यात आपण अंदाजावर चालतो, आणि अंदाज नेहमी "अजून दोन एलईडी लावू" याच बाजूला झुकतो.

शेवाळग्रस्त:
@काठावरून, तुमचं शेवटचं वाक्य माझ्या टाकीवर लिहून ठेवण्यासारखं. जुनी टी-फाइव्ह ट्यूब काढून घरचा एलईडी लावला आणि पहिल्याच दिवशी दहा तास पूर्ण जोरात चालवला. तिसऱ्या आठवड्यात अनुबियासच्या पानांच्या कडांना शेवाळाची काळी दाढी. अनुबियास मुळात सावकाश वाढणारं झाड, त्याला एवढा उजेड नकोच होता. ती दाढी नखाने निघत नाही, पान कापावं लागतं.

झाडपाला:
@शेवाळग्रस्त, याचा घरच्या दिव्याशी काय संबंध? विकतचा तगडा दिवा तसाच दहा तास चालवला असतात तरी हेच झालं असतं. नवा दिवा कुठलाही असो, सहा तासांनी सुरुवात करायची, डिमर असेल तर निम्म्यावर. उजेड वाढवला की झाडं खत आणि कार्बन डायऑक्साइडही जास्त मागतात. ते मिळालं नाही की शेवाळाचं फावतं.

शेवाळग्रस्त:
संबंध एवढाच की माझ्या दिव्याला डिमर नव्हता. कारण तो मीच बनवला होता :)

काडीपेटी:
वाद चालू द्या, मी आपली एक काडी टाकून जातो. निळा एलईडी नसता तर पांढरा एलईडीही नसता; निळ्या चिपवर पिवळ्या फॉस्फरचा लेप, झाला पांढरा. त्या निळ्यासाठी २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं, त्यातले एक हिरोशी अमानो. आणि झाडांच्या टाक्यांचं वेड जगाला लावणारे, ज्यांच्या नावाची कोळंबी आपण शेवाळ खायला सोडतो, ते ताकाशी अमानो. दिवाही अमानोंचा, शेवाळही अमानोंच्या माथी.

कोळंबीवाली:
@काडीपेटी, ही काडी आवडली.
@उपद्व्यापी, आयपी ६५ चं तुम्ही म्हणता ते खरं, पण तो सिलिकॉनचा थर उष्णता कोंडतो आणि पांढऱ्याची छटाही बदलतो. शिवाय पट्टी कापली की कापलेलं टोक पुन्हा उघडंच. आणि गंमत बघा, ज्या सिलिकॉनमुळे तुमचा रेडीमेड दिवा दुरुस्त झाला नाही तोच तुम्ही मला लावायला सांगताय.

उपद्व्यापी:
@कोळंबीवाली, पकडलंत.

तरी माझा मूळ मुद्दा सोडत नाही. तुम्ही सगळे जे दोष सांगताय ते कळल्यावर काढता येतात. विकतच्या दिव्यात कळले तरी काढता येत नाहीत. बंद ॲडॉप्टरचंच घ्या. त्यातला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सगळ्यात आधी जातो. तापमान १० अंशांनी चढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. कंपनी तो दिव्याच्याच पेटीत, गरम ॲल्युमिनियमला खेटून बसवते. माझा ड्रायव्हर टाकीपासून लांब भिंतीवर आहे. एलईडीचे ५०,००० तास खोक्यावर छापणारे त्या कपॅसिटरबद्दल अवाक्षर काढत नाहीत.

अर्धवट इलेक्ट्रिशियन:
कपॅसिटरबाबत शंभर टक्के सहमत, आणि ड्रायव्हर लांब ठेवलात हे उत्तम केलंत. म्हणूनच सांगतो, मोडीत काढू नका, नीट करा. माळेचे दोन भाग करा: ९ पांढरे, ३ लाल, प्रत्येकी ३४ व्होल्टच्या आसपास, दोन वेगळे ड्रायव्हर. दोन्ही माळा एकाच ड्रायव्हरला समांतर जोडायचा मोह टाळा. एक माळ जरा जास्त तापली की तिचं व्होल्टेज उतरतं, ती जास्त करंट ओढते, आणखी तापते. दोन ड्रायव्हर दोन टायमरवर लावले तर शेवाळग्रस्तांचा डिमरही आपोआप मिळाला: सकाळी एक, दुपारी दोन, संध्याकाळी पुन्हा एक.

आणि आज वीज बंद करून एक काम करा. मल्टिमीटर बीपवर ठेवा, एक टोक हीटसिंकच्या उघड्या धातूवर, दुसरं प्रत्येक स्टारच्या पॅडवर. कुठेही बीप वाजता कामा नये.

काठावरून:
आणि दिवा आणि पाण्याच्या मधल्या काचेवरचे क्षारांचे पांढरे डाग पुसा. नाहीतर उद्या दिवा कमी पडतोय म्हणून अजून चार एलईडी लावाल.

उपद्व्यापी:
काच पुसली. मीटरही लावला. पहिल्या सहावर काही नाही. सातव्यावर बीप.

स्क्रू काढून स्टार उचलला. पॅडवरून ओघळलेला सोल्डरचा बारीक मणी स्क्रूच्या डोक्याला टेकला होता आणि स्क्रू हीटसिंकमध्ये. म्हणजे गेले दोन आठवडे माळेचा तो बिंदू अख्ख्या हीटसिंकला जोडलेला, आणि मी वर फुशारकीने तळहात ठेवून पाहत होतो. एकाच ठिकाणी टेकला होता आणि ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मरचा, म्हणून दिवा निवांत चालू राहिला. मणी कापला, सगळ्या स्क्रूंखाली नायलॉनचे वॉशर घातले, हीटसिंकला अर्थची वायर मारली. दुसरा ड्रायव्हर आला की माळ तोडतो.

वीस मिनिटांचं काम होतं. रेडीमेड असता तर आत असं काही आहे हे कळलंही नसतं.

अर्धवट इलेक्ट्रिशियन:
रेडीमेड असता तर तो मणी तिथे तुम्ही टाकला नसतात. वॉशरचा फोटो टाका.