प्रतिसाद: मोरियासु आणि दोहा

कतारमधील २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकात जपानने जर्मनीवर मिळवलेला विजय हा निव्वळ नशिबाचा भाग होता, हे या चर्चेत मांडलेले मत मला पटत नाही. मध्यंतराला ०-१ असे पिछाडीवर असताना जपानचे प्रशिक्षक हाजिमे मोरियासु यांनी कुबोच्या जागी तोमियासुला उतरवून तीन बचावपटूंची रचना केली, आणि पुढे दोआन व असानो या दोन बदली खेळाडूंनीच गोल करून सामना २-१ असा फिरवला. स्पेनविरुद्धही मध्यंतरानंतर आलेल्या दोआननेच बरोबरी साधली.

मला मात्र त्याहून मोलाचे वाटते ते २८ ऑक्टोबर १९९३. त्याच कतारच्या राजधानीत, दोहात, इराकविरुद्ध २-१ अशी आघाडी असताना, भरपाई वेळेत कॉर्नरवरून आलेला चेंडू इराकच्या खेळाडूने डोक्याने जाळ्यात धाडला आणि जपानची पहिल्या विश्वचषकाची संधी हुकली. तेव्हा बचावात्मक मधल्या फळीत खेळणारे मोरियासु मैदानातच होते. सानफ्रेच्चे हिरोशिमा या क्लबला त्यांनी प्रशिक्षक म्हणून २०१२, २०१३ आणि २०१५ मध्ये जे-लीग ही जपानची व्यावसायिक फुटबॉल लीग जिंकून दिली, याचाही उल्लेख या चर्चेत व्हायला हवा होता. २०२२ च्या त्याच विश्वचषकात क्रोएशियाकडून पेनल्टींवर हरल्यावर प्रेक्षकांसमोर कमरेत वाकून उभे राहिलेले मोरियासु अजूनही माझ्या डोळ्यांसमोर आहेत.